माहेरवाशिणीचा मध

पाणी दिसण्याआधी विहीर ऐकू यायची. मुडबीच्या आमच्या शेतात बांधावरून चालताना, तुरीच्या ओळी संपून लिंबाची सावली सुरू होते तिथेच तो आवाज कानाला लागे. दूर कुणीतरी जातं ओढत असावं आणि ओवी म्हणायची मात्र राहून गेली असावी, तसा. विहीर तांबड्या जांभ्या दगडाची आहे. त्या दगडाला अंगचीच छिद्रं असतात. भिजला की तो गुळाच्या ढेपेसारखा दिसतो, आणि तापला की त्याला मातीच्या कोऱ्या भांड्याचा वास येतो. पायऱ्या उतरताना उजव्या हाताला, पाण्याच्या बरंच वर, घागरीचं तोंड मावेल एवढी एक कपार आहे. तिच्यात सातेरी माश्यांचं मोहोळ असे. विहिरीचं पोट तो गुंजारव घोळवून वर पाठवी, म्हणून मूठभर माश्यांचा आवाज अख्ख्या रानाचा वाटे.

येळवशीला त्या मोहोळाचा मध काढायचा, हा आमच्या घरचा रिवाज. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडची गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात. कडब्याची खोप उभारायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, शेताला फेरी घालत आंबील शिंपडायची आणि मग ताकातल्या मिसळभाजीच्या, म्हणजे भज्जीच्या, आणि बाजरीच्या उंड्यांच्या पंगतीला बसायचं, हे सगळ्यांचंच. पंगतीआधी मध, हे फक्त आमचं. आधी अप्पा, म्हणजे माझे वडील, आणि ते गेल्यावर माझा थोरला भाऊ, ज्याला मी अण्णा म्हणते, विहिरीत उतरे. धुमसती गोवरी कपारीशी धरी, माश्या मागे सरकल्या की पोळ्याचा मधाने फुगलेला भाग, ज्याला आम्ही कांदा म्हणतो, तेवढाच कापून घेई आणि पळसाच्या पानावर ठेवून वर येई. त्यातला पहिला तुकडा पडायचा माहेरवाशिणीच्या तळहातावर. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या लेकीने तो तोंडात घातल्याखेरीज घरातल्या कुणी त्या पानाला बोटही लावायचं नाही.

माझ्या लहानपणी हा मान आत्याचा होता. तिचे मिटलेले डोळे, हनुवटीवर थांबलेला थेंब, आणि तो थेंब पुसायचा की चाटायचा याचा तिच्या चेहऱ्यावर चाललेला विचार, हे मी मोठ्या अधीरतेने बघत उभी असे. पुढे मी लग्न होऊन गुलबर्ग्याला आले, आत्या गेली, आणि तो तळहात माझा झाला. पंगत उठल्यावर अण्णा पुन्हा एकदा विहिरीत उतरे, ते केवळ माझ्या बाटलीसाठी. संध्याकाळी ती बाटली फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत तळाशी जाई. वर्षभर माझ्या स्वयंपाकघरात माहेर म्हणजे फळीवरची ती बाटली होती. उन्हाचा कवडसा तिच्यावर पडला की ओट्यावर एक पिवळी सावली हलायची.

आधी मी दूध सोडलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गोठा होता. एके सकाळी तिथे गाईच्या तोंडापुढे वासरू उभं केलेलं दिसलं; जवळ गेल्यावर कळलं की ते कातडं होतं, आत पेंढा भरलेला. गाय ते चाटत होती. पुन्हा पुन्हा, मानेपासून पाठीपर्यंत, जसं खरं वासरू चाटतात तसं, आणि खाली दुधाची धार लागली होती. तिच्या जिभेचा तो खरखरीत आवाज मी घरी घेऊन आले. त्या दिवसापासून माझा चहा काळा झाला. घरात, नात्यात सांगितलं, दूध पचत नाही. सगळ्यांना पटलं. आपल्याकडे पोटाच्या तक्रारीला कुणी हरकत घेत नाही. उलट चार औषधं सुचवतात. प्राण्यांकडून काहीच न घेणाऱ्या माणसांना व्हीगन म्हणतात आणि मी त्यांच्यातली होऊ लागले आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मधाचं तसं नव्हतं. मध सोडायला माझ्याजवळ कुठलंही दृश्य नव्हतं. अण्णाचा हात मला ठाऊक होता. पोळ्याचा अळ्यांचा भाग त्याने कधी कापला नाही, सगळा मध कधी ओरबाडला नाही. त्या कपारीत हात घालताना तो श्वास रोखून धरी, जणू झोपलेल्या माणसाच्या उशाखालून काही काढतो आहे. एवढं हळुवार घेणं, त्याला घेणं तरी कसं म्हणावं?

मग एकदा मी वर्गात 'माधुकरी' हा शब्द समजावून देत होते. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्याकडच्या मुलांच्या घरी कानडी, उर्दू, मराठी अशा तिन्ही भाषा नांदतात, त्यामुळे एकेक शब्द उलगडून ठेवावा लागतो. म्हटलं, मधमाशी जशी एकाच फुलाला लुटत नाही, प्रत्येकाकडून थोडं थोडं घेते, कुणाला जड होत नाही, तसं गरीब विद्यार्थ्याने पाच घरांतून एकेक घास मागावा. त्या घासांनी त्याची झोळी भरते. हे मी वर्षानुवर्षं सांगत आले होते. त्या दिवशी 'झोळी' म्हणाले आणि मला त्या मुलाच्या वाटेत उभा असलेला कुणीतरी दिसला. तोही त्या झोळीतून थोडंच घेत होता. हळुवारच घेत होता. मी खडू ठेवला आणि उरलेला तास मुलांना वाचन करायला सांगितलं.

त्यानंतर काही गोष्टी आपोआप जुळत गेल्या. दर चैत्रात आमची कपार रिकामी होई. करडई निघून गेलेली, रानात फूल म्हणून राहिलेलं नाही, आणि मोहोळ उठून गेलेलं. घरात म्हणत, "माश्या माहेरी गेल्या." पावसाळ्यानंतर त्या परतत, किंवा दुसऱ्या येत, कोण कुठली हे विचारायला कुणी जात नसे. मला ते म्हणणं फार आवडे. आता त्यात खडा लागू लागला. ज्या दिवसांसाठी साठवण असते, नेमक्या त्याच दिवसांच्या तोंडावर ती पुरी नसेल, तर घर सोडून जाण्याला माहेरी जाणं म्हणता येईल का? त्या उन्हानेही जात असतील. सातेरीला उन्हाचा त्रास होतो म्हणतात. मला खात्रीने काहीच ठाऊक नाही. पण त्या वर्षीची बाटली मी उघडली नाही.

बाटली न उघडणं सोपं होतं. अवघड होती ती येळवस. कारण तिथे माझं न खाणं माझ्यापुरतं राहणार नव्हतं. मी तोंडात घातलं नाही तर त्या पानाला कुणीच हात लावणार नव्हतं, आणि अण्णाने विहिरीतून आणलेलं सगळं तसंच राहणार होतं, सगळ्यांदेखत.

आधी मी वहिनीला फोन करून म्हटलं, यंदा मी मध खाणार नाही.

"कामून?" ती एकदम घाबरून म्हणाली. "शुगर निघाली का तुम्हाला?"

"नाही हो."

"मग?"

मी सांगितलं. ती ऐकत राहिली. मागे कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बारीक केल्याचंही ऐकू आलं.

"अक्का," ती म्हणाली, "तुम्ही शुगर हाय म्हणूनच सांगा. शुगरवाल्याचं ह्यांना लगेच पटतंय. हे माशीचं बिशीचं काढू नका. ह्यांना वाटंल, बहिणीला आता घर नको झालं."

माझी भीती इतक्या थोडक्यात मला स्वतःलाही मांडता आली नव्हती. मी म्हटलं, अण्णाला मीच सांगते. त्या आठवड्यात मी त्याला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा पाऊसपाणी, हरभरा, त्याचा गुडघा यांवर बोलून फोन ठेवला.

येळवशीच्या दिवशी सकाळच्या बसने मी मुडबीला गेले. रानात थंडी होती, पण उन्हाला धार आली होती. तुरीचा बहर ओसरून शेंगा टचटचीत झालेल्या. ज्वारीच्या पानांवरचं दव खाली पडताना टपटप वाजत होतं. खोपीसमोर वहिनीने आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मडकं, रोवलेलं, त्याच्या गार मातीवर हळदीकुंकवाची बोटं. शेजारच्या बांधाचे काका फेरी संपवून आमच्याकडे आंबील प्यायला आले होते. ते दर वर्षी येतात, आणि आंबील स्वतःच्या घरचीच चांगली असं सांगून आमची दोन तांबे पितात.

अण्णा विहिरीतून वर आला. आधी गोवरीच्या धुराचा कडवट वास, आणि त्या धुराच्या आतून, कापड फाडून यावा तसा, मधाचा. पळसाच्या पानावर कांदा होता, पांढरट मेणाचा, एका कडेने पाझरत असलेला.

"घे बाई," तो हात पुढे करून म्हणाला. "औंदा लई भरलाय. समदा तुरीचा हाय."

मी हात पुढे केला नाही. "अण्णा, मी मध सोडलाय."

"शुगर?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "न्हाई," मी म्हटलं.

"मग नवस बोललीस का काय?"

"नवस न्हाई. ते माश्यांचं आहे, अण्णा. त्यांनी ते आपल्यासाठी न्हाई साठवलेलं. त्यांची कणगी आहे ती."

काकांनी तांब्या खाली ठेवला. "मग ही विहीर बी बेडकांची हाय, बाई. उद्यापासून पाणी बी पिऊ नगा." आणि ते स्वतःच्याच बोलण्यावर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मलाही हसू आलं. अण्णा हसला नाही.

"कणगी त्यांची, बरं," तो म्हणाला. "कपार कुणाची? विहीर अप्पानं खांदली. तुरी मी पेरल्या. फूल माझं. मग भाडं समज की."

"भाडं घ्यायचं तर विचारून घ्यावं लागतं."

"त्या काय बोलत्यात व्हय?"

"बोलतात की. तुझ्या हाताकडं बघ."

त्याच्या डाव्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या वर, एक फुगवटा चढत होता. नांगी अजून आतच होती. त्याने तो हात असा पाहिला, जसा दुसऱ्या कुणाचा आहे, आणि नखाने नांगी खरवडून काढली. "हे नेहमीचंच हाय," तो म्हणाला. पण त्याचा आवाज थोडा खाली आला होता. मग पुन्हा वर चढला. "आन् तू डाळ खातीस ती? तुरीला अळी पडली की मी फवारा मारतो. त्यात किती मरत्यात ठाव हाय तुला? ते चालतंय?"

या प्रश्नाचं उत्तर मी वाटेत बसमध्येही शोधत आले होते. मला ते मिळालं नव्हतं. "न्हाई चालत," मी म्हटलं. "पण त्याचं काय करावं ते मला कळत न्हाई, अण्णा. ह्याचं कळतं. जेवढं कळतं तेवढं तरी करावं म्हटलं."

पानाच्या देठावरून मध अण्णाच्या मनगटाकडे ओघळत होता, आणि खाली जमिनीवर मुंग्यांना बातमी लागली होती. काका तांब्याच्या तळाशी बघत होते.

"आमच्या हातचं नको झालं," अण्णा शेवटी म्हणाला, "तेवढं सरळ सांग की."

"तसं न्हाई."

"मग कसं?"

"तुझ्या हातचं मला सगळं पाहिजे. एवढं एक सोडून."

वहिनी मध्ये आली. "अक्का, वठाला लावा नुसतं. पंगत खोळंबली हाय."

ओठाला लावणं खरंच सोपं होतं. जिभेपर्यंत जायचं नाही, पदराने पुसून टाकायचं, देवाचं, माणसांचं, माश्यांचं, सगळ्यांचं राखल्यासारखं दिसलं असतं. पण अण्णा माझ्या तोंडाकडे ज्या विश्वासाने बघत उभा राहिला असता, ती नजर मला झेपली नसती. मी मान हलवली. "तुम्ही खा ना सगळे. मी नाही म्हणते म्हणून तुम्ही कामून थांबता?"

"तुझ्या आधी?" अण्णा म्हणाला. त्याला खरोखर धक्का बसला होता. "अप्पाच्या घरात असं कधी झालेलं न्हाई."

तेव्हा मी तळहात पुढे केला. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि तुकडा ठेवला. तो ऊबदार होता. हे मी विसरले होते. कपारीतून नुकत्याच काढलेल्या पोळ्याला माश्यांच्या अंगाची ऊब असते. वास नाकातून सरळ घशात उतरला आणि तोंडाला पाणी सुटलं. व्रत घेतल्याने जीभ बदलत नाही. मी वहिनीकडे वळले.

"वहिनी, तोंड उघडा."

"अगं बया!" ती मागे सरली. "मी? मी तर शेवटची."

ती शेवटची होती. मी इतक्या येळवशी डोळे मिटून तो घास घेतला, आणि डोळे उघडल्यावर सगळ्यांची वाटणी बघितली. पण वहिनीला खाताना पाहिल्याचं मला आठवेना. ती पान पुसून घ्यायची. तिच्या वाट्याला यायचं ते पळसाच्या शिरांत राहिलेलं.

"सुनेला पहिला मान!" काका म्हणाले. "आता पांडव बी खोपीतनं उठून जातील बघा."

"जाऊ द्या गेले तर. त्यांनी बी बायकूला शेवटीच वाढलं असंल," वहिनी म्हणाली, आणि मग स्वतःच दचकून पदर तोंडाला लावला. अण्णाने नाही म्हटलं नाही. तो पान धरून तसाच उभा होता. मी तिच्या तोंडात तुकडा भरवला. तिचे ओठ मिटले. ती बराच वेळ मेण चघळत राहिली.

"गरम असतंय व्हय हे," ती म्हणाली. "मला ठावच नव्हतं."

मग पान फिरलं. अण्णाने खाल्लं, काकांनी दुसऱ्यांदा हात पुढे केला, पंगत बसली. माझ्या बोटांना मध लागलेला होता. मी तो विहिरीवरच्या बादलीत धुतला आणि ते पाणी लिंबाच्या बुंध्याशी ओतलं. आपण हे काय केलं, याचा विचार तेव्हाही होता आणि आजही आहे. जे मी घेणार नाही ते मीच भरवलं. कुणी काटेकोर माणूस म्हणेल की त्यात एका माशीचंही भलं झालं नाही, आणि त्याचं बरोबर आहे. त्या दिवशी मला माश्यांचं राखणं आणि घराचं राखणं, या दोन्ही गोष्टी एका हातात धरता आल्या नाहीत. जी धरता आली ती धरली.

माझ्या पानात भज्जी वाढताना वहिनी कानाशी वाकली. "ह्यात ताक न्हाई. येगळी केली. ह्यांनीच सांगितलंय सकाळी, तिला दूधदही चालत न्हाई, तिची येगळी ठेव म्हणून." अण्णा समोरच्या ओळीत मान खाली घालून उंडा कुस्करत होता.

जेवणं झाली. काका घोंगडं पसरून आडवे झाले. ही अण्णाची दुसऱ्यांदा विहिरीत उतरायची वेळ. तो विहिरीच्या कठड्यावर बसला होता, पायाशी गोवरी राख होत चाललेली. मी जाऊन शेजारी बसले. हाताची सूज आता मनगटापर्यंत आली होती. मी चुना आणून तिच्यावर लावला, तो लावू देत राहिला.

"पुन्हा उतरला नाहीस?" मी विचारलं.

"कुणासाठी उतरू?"

त्या घडीला खाली कपारीत माझ्या बाटलीएवढा मध अस्पर्श राहिला होता. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, अगदी खरा. आणि त्याच श्वासात, ज्या माणसाला वर्षातून एकदा माझ्यासाठी उतरायला एक पायरी होती, त्याची ती पायरी मी काढून घेतली होती. आम्ही बसून राहिलो. माश्या ये-जा करत होत्या. काहींच्या मागच्या पायांना परागांची पिवळी ढेकळं होती. एक अण्णाच्या गुडघ्यावर टेकली, थोडी चालली, उडाली. त्याने हात हलवला नाही.

संध्याकाळी तो मला सडकेपर्यंत पोचवायला आला. पिशवी त्याच्या उजव्या हातात होती. तिच्यात वहिनीने वानवळा भरला होता: तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, शेंगदाण्याच्या पोळ्या. पिशवी नेहमीपेक्षा हलकी आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तो गुडघ्याविषयी बोलला. या वर्षी फवारा दिवस मावळल्यावर, माश्या घरी गेल्यावर मारून बघावा म्हणतो, असं मध्येच म्हणाला आणि लगेच बसला उशीर झाल्याचं बोलू लागला.

आमच्याकडे माहेरवाशिणीला विचारत नाहीत. बोलावणं धाडतात, आणि ती येते. आत्याला कुणी कधी विचारलं नाही, मलाही नाही. येळवस आली की वहिनीचा फोन यायचा, अमुक दिवशी हाय, सकाळच्या बसनं निघा, बस्स. या खेपेला परतताना माझ्या मनात एवढंच होतं की पुढच्या वर्षी तो फोन येईल का. माझ्याविना खोप उभी राहील, पान वर येईल, आणि कुणालाच अडायचं कारण उरणार नाही, हे त्यांनाही आता कळलं होतं.

बस आली. मी खिडकीपाशी बसले. अण्णाने पिशवी खिडकीतून आत दिली, पण पट्टा सोडला नाही. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. चुना वाळून पांढरा पडलेला त्याचा दुसरा हात खिडकीच्या गजावर होता. त्याने वर बघितलं, आणि माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं,

"येशील?"